दोन पानी फॉर्म आणि काटाघर

"शुक्रवारी पाचच्या आत हा फॉर्म गेला नाही, तर येत्या थंडीत मी स्वतः बसखाली शेगडी घेऊन बसेन," असं डोरीन व्लचेकने काउंटीच्या सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सभेत पाच माणसं होती आणि त्यातलं एक डुलक्या घेत होतं. पण बोललं ते बोललं.

डोरीन ही केटरमन काउंटीच्या बससेवेची व्यवस्थापक. बससेवा म्हणजे तीन बस, दोन ड्रायव्हर आणि टेलिफोनपाशी बसलेली डोरीन. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, जिथे माणसांपेक्षा बिटाची शेतं जास्त, तिथे या तीन बस म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात, बाजारात आणि चर्चमध्ये नेऊन आणत. उन्हाळ्यात सगळं झकास चाले. हिवाळ्यात मात्र पारा शून्याखाली घसरला की उघड्यावर उभ्या असलेल्या बसमधलं डिझेल थिजलेल्या तुपासारखं व्हायचं. गेल्या जानेवारीत दोन सकाळी लागोपाठ बस सुरूच झाली नव्हती. चाळीस मैलांवर डायलिसिसला जाणाऱ्या एमा लिंडला शेवटी अँब्युलन्समधून न्यावं लागलं होतं. तेव्हापासून डोरीनने एकच ध्यास घेतला होता: बससाठी गरम गॅरेज.

त्यासाठी केंद्र सरकारचं अनुदान होतं. म्हणजे आहे असं चार वर्षं ऐकू येत होतं. पहिल्या वर्षी प्रस्ताव परत आला, कारण सही काळ्या शाईत होती आणि निळी हवी होती. निळ्या शाईत सही करून पाठवला, तर तोवर बांधकामाच्या अंदाजपत्रकाची मुदत संपली. नवं अंदाजपत्रक आणलं, तर पर्यावरणाचा दाखला शिळा झाला. दाखला ताजा करून आणला, तर निळ्या शाईत सही करणारे काउंटीचे अध्यक्ष देवाघरी गेले. एक कागद पिकेपर्यंत दुसरा सडायचा. डोरीनच्या कपाटात त्या फायलीने एक अख्खा कप्पा अडवला होता आणि दुसऱ्यावर डोळा ठेवला होता.

आणि आता वरून नवा फॉर्म आला होता. छोट्या गावांच्या छोट्या कामांसाठी, कागदपत्रं कमी करण्याच्या मोहिमेतला. दोन पानं, पंधरा प्रश्न. सगळ्यांची उत्तरं 'नाही' असली की तीस दिवसांत मंजुरी. डोरीनने तो तीनदा वाचला, उलटा करून पाहिला, मागे बारीक अक्षरांत आणखी चाळीस पानं तर नाहीत ना, म्हणून. नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती फॉर्म भरायला बसली. जागेवर पाणथळ जमीन आहे का? नाही. दुर्मिळ पक्षी? नाही. जमिनीत पुरलेली तेलाची टाकी? नाही. कुणाचं घर हलवावं लागेल का? नाही. अशी ती सशासारखी टुणटुण उड्या मारत चालली होती आणि सातव्या प्रश्नाशी ठेचकाळली. जागेवर पन्नास वर्षांहून जुनी वास्तू आहे का?

होती. कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत काटाघर होतं. पूर्वी बिटाच्या गाड्या तिथे तोलल्या जात. वजनकाटा कधीच भंगारात गेला होता, उरलं होतं ते बारा बाय दहाचं लाकडी खोपट, वर गंजका पत्रा. पश्चिमेच्या वाऱ्याने ते पूर्वेकडे इतकं कललं होतं की नवा माणूस बघताना आपोआप मान वाकडी करायचा. आत एक मोडकी खुर्ची आणि मांजरांची कितवी तरी पिढी.

उत्तर 'हो' असेल तर राज्याच्या जुन्या वास्तूंच्या खात्याचं पत्र जोडा, असं खाली लिहिलं होतं. डोरीनने फोन लावला. शुक्रवार, दुपारचे साडेचार. तिकडे यंत्र बोललं आणि तिने निरोप ठेवला. प्रतिज्ञा पंचवीस मिनिटं आधीच मोडली होती.

तेवढ्यात ऑर्विल राइकर्ट किल्ल्या टांगायला आला. ऑर्विल सहासष्ट वर्षांचा, बावीस वर्षं बस चालवणारा, मदतीला कधीही नाही न म्हणणारा आणि कधीकधी न मागताही करणारा.

"गेला का फॉर्म?" त्याने विचारलं.

"कसला जातोय. चौदा उत्तरं 'नाही' आहेत. एका त्या खोपटापायी घोडं अडलंय. ते नसतं ना ऑर्विल, तर आत्ता फॉर्म गेला असता."

"ते नसतं तर," ऑर्विल म्हणाला.

"नसतं तर," डोरीन म्हणाली आणि पर्स उचलून घरी गेली.

सोमवारी सकाळी तिने गाडी लावली तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी काय ते कळेना. मग लक्षात आलं की आभाळ जास्त दिसतंय. जिथे काटाघर होतं तिथे सपाट माती होती, वर लोडरच्या चाकांची नक्षी आणि मधोमध एक मांजर, घर हरवल्यासारखं बसलेलं. हरवलंच होतं त्याचं.

ऑर्विल कार्यालयाच्या पायरीवर कॉफी घेऊन उभा होता. चेहऱ्यावर वाढदिवसाची भेट दिलेल्या माणसाचं हसू.

"शनिवारी मेव्हण्याचा लोडर मोकळा होता," तो म्हणाला. "वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खरं म्हणजे पहिल्या धक्क्यालाच बसलं. मांजरं आधी बाहेर काढली हां. आता लिही: नाही."

डोरीनने दाराची मूठ धरली. "लाकडं कुठे आहेत?" एवढंच तिला सुचलं.

"माझ्याकडे. नीट रचून ठेवलीत. कोंबड्यांच्या खुराड्याला होतील म्हटलं."

आत जाऊन ती टेबलाशी बसली. फॉर्मवर पेन्सिलीने लिहिलेलं 'हो' तिच्याकडे बघत होतं. आता ते खोडायचं की ठेवायचं? तिने खोडरबर हातात घेतला आणि फोन वाजला.

"मी रमोना टॅलमेज, राज्याच्या जुन्या वास्तूंच्या खात्यातून. तुमचा निरोप मिळाला. सातव्या प्रश्नाबद्दल ना?"

"हो. म्हणजे असं विचारायचं होतं," डोरीन म्हणाली, "की समजा, एखाद्या जागेवर जुनी इमारत होती."

"होती?"

"आहे. पण समजा नसली, तर?"

"पडली की पाडली?"

"फरक पडतो का?"

"फार पडतो. वाऱ्याने पडली तर वेगळी गोष्ट. पण आम्ही बघायच्या आत अनुदानासाठी कुणी मुद्दाम पाडली, आणि ती महत्त्वाची निघाली, तर त्या कामाला केंद्राचा पैसा मिळत नाही. मग गॅरेज विसरायचं. तुमची उभी आहे ना?"

डोरीनने खिडकीतून बाहेर पाहिलं. मांजर पाय चाटत होतं.

"जरा कललेली आहे," ती म्हणाली.

"किती?"

"बऱ्यापैकी."

"हरकत नाही. गुरुवारी मी तुमच्या शेजारच्या काउंटीत येतेच आहे. जाता जाता बघून जाईन. दोन मिनिटांचं काम."

फोन ठेवल्यावर डोरीन स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने साधी तारीखसुद्धा मागेपुढे केली नव्हती. आणि आज सकाळी नऊला, कॉफीच्याही आधी, तिने सरकारी बाईला थाप मारली होती.

"ऑर्विल," तिने हाक मारली, "ट्रेलर जोड आणि ती लाकडं घेऊन ये. सगळी. एक खिळा मागे राहता कामा नये."

"का?"

"गुरुवारच्या आत ते परत उभं करायचंय."

"पण मी ते आत्ताच पाडलंय," ऑर्विल म्हणाला.

दुपारी लाकडं आली. कुठली फळी कुठे होती, ते मात्र ऑर्विलला आठवेना. पाडताना कुणी पाहतं का? तेवढ्यात दवाखान्यातून परतणारी बस थांबली आणि गॉटलिब केर्न काठी टेकत उतरले. वय एकोणनव्वद. बिटाच्या हंगामात याच काटाघरात बसून त्यांनी ऐन तरुणपणी वजनं लिहिली होती.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

डोरीनने खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. "मूर्खांनो, मला आधी का नाही विचारलं? दार दक्षिणेला. खिडकी उत्तरेला, इथे, माझ्या डाव्या हाताला. गाड्यांची रांग दिसायची मला तिच्यातून."

"आजोबा, उत्तरेला खिडकी नव्हती," ऑर्विल म्हणाला. "मी बावीस वर्षं बघतोय."

"तू बघतोयस. मी आत बसत होतो."

उत्तरेला खिडकी काढली. तिच्यासाठी दोन फळ्या कापाव्या लागल्या, हे ऑर्विलला जरा खटकलं, पण आजोबा खुर्ची टाकून समोरच बसले होते.

मंगळवारी संध्याकाळी काटाघर उभं राहिलं. तिघांनी मागे सरून पाहिलं.

"सरळ झालंय," ऑर्विल म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"इतकं सरळ ते बांधलं तेव्हाही नव्हतं," गॉटलिब म्हणाले.

"मी त्या बाईला कललेलं म्हणून सांगितलंय," डोरीन म्हणाली.

म्हणून बुधवारी काटाघराला वाकवण्याचा कार्यक्रम झाला. छताच्या वाशाला दोर बांधला, दुसरं टोक दोन नंबरच्या बसच्या हुकाला. ऑर्विल स्टिअरिंगवर, गॉटलिब खुर्चीत सेनापतीसारखे. "हळू. अजून दोन बोटं. अजून." करकरत काटाघर झुकलं. छान झुकलं. फक्त पश्चिमेला झुकलं.

"वारा पश्चिमेकडून येतो रे," डोरीन डोक्याला हात लावून म्हणाली. "वाऱ्याच्या तोंडात कोण कलतं?"

दोर सोडून पलीकडून बांधला. काटाघर कुरकुरत मधे आलं, क्षणभर तसंच थांबलं, मग दमल्यासारखं पूर्वेला टेकलं. डोरीनने श्वास सोडला. पण खिळे! नवे खिळे उन्हात दातांसारखे चमकत होते. तेव्हा दवाखान्यातून परतलेल्या दुसऱ्या बसमधून हे सगळं बघत असलेली एमा लिंड म्हणाली, "मीठ आणि व्हिनेगर लावा, गंजतील. माझ्याकडे काकडीच्या लोणच्याच्या चार बरण्या आहेत." सूर्य मावळेपर्यंत ते चौघं लोणच्याच्या पाण्यात फडकी बुडवून खिळे पुसत होते.

गुरुवारी अकराला रमोना टॅलमेज आली. चाळिशीची बाई, पायात धुळीचे बूट, गळ्यात कॅमेरा, काखेत फोल्डर. तिने काटाघराभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. टेपने उंची मोजली, खिडकीपाशी थांबली, बोटाने एक खिळा चाचपला, बोट नाकाशी नेलं.

"इथे लोणच्याचा वास येतोय का?" तिने विचारलं.

ऑर्विल आभाळाकडे बघू लागला. गॉटलिबना अचानक ऐकू येईनासं झालं. डोरीनने ठरवलं होतं की गप्प बसायचं, पण तिला ते जमलं नाही.

"ते पाडलं होतं," ती म्हणाली. "शनिवारी. माझ्यामुळे. मी बोलून गेले आणि ऑर्विलने मनावर घेतलं. मग आम्ही ते परत बांधलं, वाकवलं, खिळे लोणच्यात भिजवले. मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण गॅरेज थांबवू नका. गेल्या हिवाळ्यात एमा आमच्या हातून जायची वेळ आली होती."

टॅलमेजबाई तिच्याकडे बघत राहिली. मग काटाघराकडे. मग हळूच बसच्या पायरीवर जाऊन बसली.

"तीन दिवसांत?" ती म्हणाली.

"तीन दिवसांत."

"आणि मुद्दाम वाकडं केलं?"

"दोनदा," ऑर्विल म्हणाला. "पहिल्यांदा दिशा चुकली."

तिने फोल्डर उघडून एक पिवळा कागद काढला. "ही या काउंटीतल्या इमारतींची जुनी पाहणी आहे. आमच्या माणसाने तेव्हाच हे खोपट बघितलंय. खरं काटाघर एकोणीसशे एकोणसत्तर साली जळालं. त्यानंतर कुणीतरी शेतातली अवजारांची खोली ओढून इथे आणून ठेवली. शेरा वाचू? 'महत्त्व: काही नाही.'"

वारा सुटला होता. पत्रा तेवढा वाजत होता.

"जळालं?" गॉटलिब म्हणाले. त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं. "माझं काटाघर?"

"हो आजोबा."

"एकोणसत्तरला मी टेक्सासात तेलविहिरीवर होतो," म्हातारा म्हणाला. "परत आलो तेव्हा मला कुणी काही सांगितलंच नाही." काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ते उत्तरेच्या खिडकीकडे बघत राहिले. ती खिडकी या खोलीला कधीच नव्हती. डोरीनला स्वतःची फजिती विसरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि तिने ठेवला.

"सोमवारी फोनवर नुसतं 'काटाघर' एवढं सांगितलं असतं," टॅलमेजबाई म्हणाली, "तर मी तेव्हाच फाईल काढून पत्र पाठवलं असतं. एक ओळीचं पत्र आहे. ठेवा, पाडा, जाळा, आमचं काही म्हणणं नाही." आणि तिथेच पायरीवर बसून, गुडघ्यावर फोल्डर ठेवून तिने ते पत्र लिहिलं. निळ्या शाईत. जाताना म्हणाली, "कारवाईचं म्हणाल तर तुम्ही वाचवलेली वास्तू वाचवण्यालायक नव्हती. असा गुन्हा आमच्या नियमांत नाही."

डोरीनला हसावं की रडावं कळेना. तिने ऑर्विलला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणून तो लाकडासारखा ताठ उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी तिने फॉर्म स्कॅन करून पाठवला आणि दुपारी खुद्द विभागीय कार्यालयातून फोन आला. मिस्टर पेटिट नावाचे सौम्य गृहस्थ होते. सगळं उत्तम आहे, म्हणाले. पत्र जोडलंय, सुंदर. फक्त पाठवताना तारीख आजची पडली आहे आणि उत्तरं मागच्या शुक्रवारची दिसतात, तेव्हा एकदा वाचून खात्री करू, दोन मिनिटांचं काम. 'दोन मिनिटांचं काम' ऐकून डोरीनच्या अंगावर काटा आला.

ते एकेक वाचत गेले आणि सातवा सोडून सगळ्यांना ती "नाही" म्हणत गेली. बाराव्या प्रश्नाशी आले.

"मंजुरीपूर्वी जागेवर कोणतंही बांधकाम सुरू अथवा पूर्ण केलं आहे का?"

मागच्या शुक्रवारी 'नाही' हे शंभर टक्के खरं होतं. डोरीनने खिडकीबाहेर पाहिलं. काटाघर उन्हात उभं होतं. एक थाप तिने या आठवड्यात मारून पाहिली होती आणि ती तिला सोसली नव्हती.

"एक खोली," ती म्हणाली. "छोटी. बारा बाय दहा."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "कधी बांधली?"

"सोमवार ते बुधवार."

"कशासाठी?"

"पूर्वी होती म्हणून."

मिस्टर पेटिट अगदी हळुवारपणे म्हणाले, "मग बाई, छोटा फॉर्म चालणार नाही. मोठा भरावा लागेल. अठरा महिने धरून चाला."

"आणि ती आम्ही बांधलीच नसती तर?"

"तर छोटा. तीस दिवस."

"आणि मुळात पाडलीच नसती तर?"

"पत्र आहे ना तुमच्याकडे. तरीही छोटा. तीस दिवस."

डोरीनने फोन खाली ठेवला. म्हणजे गेला आठवडाभर सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं होतं. फक्त बसायचं. इतकं सोपं काम सरकारने आजवर तिला दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिच्या हातून झालं नव्हतं.

ऑर्विल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, निदान एक बाजू तरी.

"मेव्हण्याचा लोडर उद्या मोकळा आहे," तो म्हणाला.

डोरीनने हात पुढे केला. ऑर्विलने थोडा वेळ विचार केला, मग खिशातून लोडरची किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. ती तिने पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"मग असं करू," तो म्हणाला. "एमाची बस थंडीभर माझ्या गोठ्यात ठेवू. कोंबड्यांना दाटीवाटीने राहावं लागेल. सीटवर पिसं सापडली तर एमा बोलेल, पण बस सुरू होईल."

"त्याला फॉर्म लागतो का, ते मी बघणार नाही," डोरीन म्हणाली.

तो गेल्यावर तिने कपाटातून जाडजूड मोठा फॉर्म काढला, नव्या कॉफीचा कप जवळ ओढला आणि पहिलं पान उघडलं. जागेवर सध्या एखादी इमारत आहे का? तिने निळ्या शाईत लिहिलं, 'हो'. पुढे छोटासा चौकोन होता: इमारतीचं वय, पूर्ण वर्षांत.

डोरीनने बराच विचार केला. बोटांवर मोजून पाहिलं. मग त्या चौकोनात सुबक अक्षरात तिने शून्य काढलं, आणि फोन उचलून मिस्टर पेटिटना विचारलं, की शून्य चालतं का.

"चालतं," ते म्हणाले, "पण खुलासा वेगळ्या कागदावर जोडावा लागेल."